पिवळ्या चौकोनातली जोड

९ सप्टेंबर

आधी त्या बसवाल्याचं सांगते. खोक्यात काच आहे, जपून ठेव, असं दोनदा बजावलं होतं. मेल्यानं खोकं मागच्या डिकीत धोंड्यासारखं टाकलं. भाजलेल्या मिरच्यांच्या निम्म्या बरण्या फुटल्या. वर मलाच म्हणतो, आजी, गाडी माखली, आता पुसणार कोण? म्हटलं, तुझी आई जिवंत आहे ना, तिला बोलाव, पोराला कसं वाढवलं तेही बघून जाईल.

असो. आता नमस्कार. ही वही डॉक्टरनं दिली, रोज सकाळचं ब्लडप्रेशर लिहायला. माझं ब्लडप्रेशर मला रागावल्यावर कळतं, लिहायला कशाला हवं? पण वही कोरी परत देणं बरं दिसत नाही. शाळा माझी चार इयत्ता. अक्षर कोंबडी चालून गेल्यासारखं. ज्याला वाचायचं त्यानं डोळे फोडावेत.

ल्यूबेनचं नवं घर बघून मात्र जीव निवला. पोरानं जर्मनीत दुसऱ्यांच्या न्हाणीघरांना फरश्या लावून लावून गुडघे झिजवले आणि इथे डोंगराच्या पायथ्याशी दोन मजली घर उठवलं. पाहुण्यांना खोल्या भाड्यानं द्यायच्या आहेत. मला खालची खोली दिली, खिडकीबाहेर आलुबुखाराचं झाड. स्वतः फोन करून म्हणाला होता, आई, यंदाचा हिवाळा डोंगरात एकटी काढू नकोस, इकडे ये. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. आल्याबरोबर त्यानं माझ्या हातावर ओठ टेकले. सून झ्लात्का मात्र माझ्याकडे बघेना, पीठ मळत राहिली. ती जात्याच घुमी. बानित्सा बरी करते, पण चीज हात आखडून घालते.

१२ सप्टेंबर

घरात एक खोट आहे. पूर्वेची भिंत उभी राहत नाही. दोनदा पाडून बांधली, दोनदा खालपासून वर तडा गेला. गवंडी गेंको म्हणतो, खाली पाणी आहे. मी म्हटलं, खाली पाणी नाही, वर राकिया आहे, तुझ्या पोटात. हसला. माझ्याहून थोडाच लहान आहे, मला म्हातारे म्हणतो आणि मी त्याला मिस्त्री म्हणते, तेवढा मान पुरे.

आज भिंतीच्या पायाशी कोंबडा कापला. नवीन घराला रक्त दाखवावं लागतं, त्याशिवाय कोण राहायला जाईल? सूप चांगलं झालं. जेवताना माझी जीभ सुटली. म्हटलं, कोंबड्यावर निभत असतं तर आमच्या गावचा पूल कुणी बांधला असता? त्या पुलाला मेंढपाळाची सावली लागली. मिस्त्रीनं त्याची सावली गुपचूप दोऱ्यानं मोजली, दोरा दगडांत चिणला. पूल अजून उभा आहे. मेंढपाळानं पुढच्या वर्षीची लोकर पाहिली नाही. आणि असल्या माणसाला मातीतही जागा मिळत नाही, शरीर पुरा नाहीतर जाळा, तो बांधकामातच राखण करत बसतो.

ल्यूबेन म्हणाला, आई, जेवताना कसलं बोलतेस. गेंको हसला नाही. सुपात पाव बुडवत बसला.

मी तर लहानपणापासून जपते. जिथे बांधकाम चालू असेल तिथे सूर्य ज्या बाजूला, त्याच्या उलट बाजूनं जाते. गवंड्याच्या हातात दोरा दिसला की रस्ता बदलते. आईनं शिकवलं, मीही ल्यूबेनला शिकवलं.

१६ सप्टेंबर

रविवारच्या बाजारात गेले आणि कॅमेरा घेऊन आले. हसा.

कारण सांगते. आमच्या पेन्चोला जाऊन सात वर्षं झाली. त्याच्या थडग्याच्या दगडावर माझंही नाव कोरून ठेवलंय, स्तोयना, जन्मसालासकट. फक्त मरणाचं साल आणि फोटोची लंबगोल जागा रिकामी आहे. पेन्चो त्याच्या लंबगोलातून गेली सात वर्षं शेजारच्या भोकाकडे बघतोय. माझ्याकडे लग्नातला सोडून फोटो नाही, तो लावला तर लोक म्हणतील म्हाताऱ्यानं दुसरी केली. झ्लात्काच्या फोनवर काढून बघितला, तर फोननं माझ्या सुरकुत्या पुसून टाकल्या. त्या मी फुकट नाही मिळवल्या.

विकणारा चष्मेवाला होता, सतरंजीवर पदकं, चमचे, घड्याळं मांडून बसलेला. कॅमेरा रशियन, मुठीत मावेल एवढा पण दगडासारखा जड, कातड्याच्या पिशवीला कुणाच्या तरी तंबाखूचा वास. त्यानं तीस लेव्ह सांगितले. मी म्हटलं, ह्यात रशियन पण बसलाय का? वीस आणि एका बरणीवर आला, रीळही भरून दिलं.

मग शिकवलं. डोळा लावायच्या खिडकीच्या मधोमध एक पिवळा चौकोन आहे. त्यात सगळं दुहेरी दिसतं. माणूस एक आणि त्याची फिकट जोड बाजूला सरकलेली. पुढचं कडं फिरवत जायचं, जोड सरकत सरकत माणसावर बसते. दोघं एक झाले की खटका दाबायचा, आधी नाही. कड्यावर आकडा येतो, माणूस किती लांब उभा आहे त्याचा. म्हणाला, आजी, बाकीचे कॅमेरे नुसते बघतात, हा माणूस मोजतो. आणि एक लक्षात ठेव म्हणाला, सूर्य नेहमी काढणाऱ्याच्या पाठीशी, ज्याचा काढायचा त्याच्या तोंडावर.

१८ सप्टेंबर

दिवसभर सगळ्यांना मोजलं. कोंबड्या ठरत नाहीत, त्यांची जोड त्यांच्या आधीच पळते. झ्लात्का कपडे वाळत घालताना काढली, ओरडली, सासूबाई, केस तरी विंचरू द्यायचे होते. आलुबुखाराचं झाड काढलं. ल्यूबेन शिडीवर.

गेंकोकडे कॅमेरा वळवला तर त्यानं थापीनं तोंड झाकलं. म्हणाला, मला नको, माझ्या धंद्यात मोजून घेत नाहीत. मग संध्याकाळी स्वतःच येऊन बसला आणि विचारत राहिला. चौकोनात काय दिसतं? जोड कुणाची? आकडा खरा येतो का? मला आपली फुशारकी. पडवीच्या खांबाला मोजून दाखवलं, त्यानं टेप लावून बघितलं, बरोबर आला. त्यानं कॅमेरा हातात घेऊन उलटसुलट केला, डोळ्याला मात्र लावला नाही. ल्यूबेन दारात उभा राहून ऐकत होता. मी म्हटलं, ऐक, ऐक, तुझ्या आईला चार इयत्तांत तुझ्यापेक्षा जास्त अक्कल मिळाली.

२२ सप्टेंबर

आज माझा फोटो झाला.

सकाळीच ल्यूबेन म्हणाला, आई, दगडावरचा फोटो आज काढून टाकू, ऊन छान पडलंय. मी काळा रुमाल बांधला, पेन्चोनं दिलेली चांदीची पिन लावली. त्यानं पूर्वेच्या भिंतीपुढे नेलं. भिंत माझ्या डोक्याच्या वर नवी उठलीय, चुना ओला. मी थबकले. तो म्हणाला, अगं, मागे साधी पांढरी भिंत हवी, दगडावर उठून दिसेल. आणि सूर्य माझ्या पाठीशी हवा ना? तूच म्हणालीस.

मीच म्हणाले होते. उभी राहिले. डोळ्यांवर ऊन, समोरचा ल्यूबेन नुसता काळा ठिपका.

कडं फिरवायला त्यानं फार वेळ लावला. हलू नकोस आई, म्हणत होता. जरा डावीकडे. हां. आता एक झालीस. खटका वाजला. मग त्यानं कड्यावरचा आकडा मोठ्यानं वाचला. मी म्हटलं, आकडा कुणाला सांगतोस, दगडाला? तो म्हणाला, सवयीनं.

मागे वळले तर भिंतीच्या टोकाला गेंको बसलेला. माझ्याकडे बघून त्यानं टोपी काढली. हा माणूस पाद्र्यापुढे टोपी काढत नाही.

२९ सप्टेंबर

फोटो आले. गावात एकच दुकान उरलंय रीळ धुणारं, ल्यूबेन स्वतः घेऊन गेला आणि स्वतः घेऊन आला. झ्लात्का चांगली आलीय, कोंबड्या म्हणजे नुसता धुरळा. माझा नाही. ल्यूबेन म्हणाला, तुझाच तेवढा कोरा गेला आई, नशीब. पुन्हा काढू. म्हटलं, आत्ताच काढ, रिळात जागा आहे का नवं घेऊ? तर म्हणे आता कामाची गडबड.

गडबड खरी आहे. भिंत छपरापर्यंत गेली. तडा नाही. गेंको तिच्यावर हात फिरवतो, गाभण गाईच्या पोटावर फिरवावा तसा. त्याच्या कमरेला नेहमी एक सुतळीचं गुंडाळं असायचं, ते आज दिसलं नाही. मी विचारलं, मिस्त्री, सुतळी कुठे? म्हणाला, संपली, म्हातारे. आणि पहिल्यांदाच मला अहो म्हणाला, अहो बसा जरा, दमलेल्या दिसता.

दमलेय खरी. जिना चढताना दोनदा थांबले.

४ ऑक्टोबर

चादरी वाळत घातल्या. उन्हात दोरीची सावली पडली, चिमट्यांची पडली. माझी बघायला गेले तर दुधात पाणी घातल्यासारखी. वय झालं म्हणावं, पण वयानं सावली पिकते हे कधी ऐकलं नव्हतं.

दुपारी नवं रीळ भरलं. ल्यूबेनला वेळ नाही तर राहिलं, कपाटाच्या आरशासमोर उभी राहून स्वतःच काढीन म्हटलं. खिडकीला डोळा लावला. पिवळ्या चौकोनात कपाटाची कड दुहेरी. पलंग दुहेरी. भिंतीवरचा येशू दुहेरी.

मी एकेरी.

कडं इकडून तिकडे पार फिरवलं. येशू एक झाला, पुन्हा दोन झाला. माझी जोड कुठूनच आली नाही. रुमाल सोडून बघितला, हात हलवला. काच पुसली. पुन्हा तेच. सगळ्या खोलीला जोड आहे, मला नाही.

कॅमेरा बिघडला असेल. वीस लेव्हमध्ये काय मिळणार?

५ ऑक्टोबर

बिघडलेला नाही. मांजराला जोड आहे. झ्लात्काला आहे. तिनं विचारलं, काय बघताय सारखं? म्हटलं, तुला किती तोंडं आहेत ते. ती रडायला लागली. मी एवढं कडू काही बोलले नव्हते.

७ ऑक्टोबर

पूर्वेच्या भिंतीकडे गेले. आजवर टाळलं होतं, पण ढग होते, सावलीची भीती नव्हती. सावलीच कितीशी उरलीय.

कॅमेरा डोळ्याला लावला. आधी नुसती भिंत, चुन्यावर थापीच्या रेघा. पिवळ्या चौकोनात रेघा दुहेरी. कडं फिरवलं, रेघा जुळल्या. तरी चौकोनात काहीतरी फिकट उरलं. जुळायला दुसरं काही नव्हतं त्याला. डोकं. रुमाल. खांद्यापाशी पिनेएवढी चकाकी.

ती माझीच. भिंतीच्या आत, कंबर वाकवून, जशी त्या दिवशी उभी होते तशी.

कॅमेरा खाली केला, भिंत कोरी. पुन्हा लावला. तिनं तोंड माझ्याकडे केलं होतं.

९ ऑक्टोबर

ल्यूबेन बाजारात गेला होता. त्याच्या खणातून निगेटिव्हची पट्टी काढली. खिडकीशी उजेडात धरली. कोंबड्या, झ्लात्का, झाड, शिडी. शिडीनंतर पट्टी संपते. कात्रीनं, सरळ. कोरं चित्र कुणी कापून नेत नाही.

झ्लात्का दारात उभी. मी काही विचारायच्या आत बोलत सुटली. मी सांगितलं होतं हो त्यांना, सासूबाई, दुसरा कोंबडा घ्या, कोकरू घ्या, मी माझ्या बांगड्या विकते. गेंकोनं आधी माझं नाव काढलं होतं. घरात सून असते, तिचीच सावली धरतात म्हणाला. मग ल्यूबेन म्हणाले, आईला बोलावून घेतो.

म्हणजे फोन केला तेव्हाच. हातावर ओठ टेकले तेव्हाच.

कॅमेरा नसता तर दोरा घेऊन माझ्यामागे लागले असते, आणि दोरा मी शंभर पावलांवरून ओळखला असता. तो कॅमेरा मी स्वतः घेतला. घासाघीस करून. त्याला कसं मोजायचं तेही मीच शिकवलं.

१० ऑक्टोबर

त्याला समोर बसवलं. नाही म्हणाला नाही. माझ्या ताटातला पाव कुस्करत बसला. म्हणाला, आई, कर्ज नसतं तर. म्हणाला, तुझं वय झालंच होतं, तूच म्हणायचीस पेन्चो वाट बघतोय. घर शंभर वर्षं उभं राहील, तुझंच नाव देतो त्याला.

मी विचारलं, दगडावरच्या भोकात काय लावशील?

कुस्करलेला पाव त्यानं ताटाच्या कडेला सारला.

मी विचारलं, भिंतीत बसवलेल्या माणसाला पेन्चोशेजारी झोपता येतं का? तुला लहानपणी सांगितलं होतं, आठवतं का?

आठवत होतं. मान डोलावली, हो.

म्हटलं, भिंत फोड. रिळाचा रिबिनीएवढा तुकडा आहे, काढून दे. तर म्हणतो, आता वर छप्पर आलं, आई.

११ ऑक्टोबर

पहार उचलायला गेले. उचलली नाही. पूर्वी हीच पहार एका हातानं—

गेंकोनं हातातून हळूच काढून घेतली. म्हणाला, अहो, तुम्हालाच लागेल. भिंतीला मारलं की तुम्हालाच.

चुन्यावर एकच ओरखडा पडला होता. माझ्या खांद्यावर तसाच.

१२ ऑक्टोबर

गावी जायला निघाले. पेन्चोच्या दगडाशी जाऊन पडेन, बघू कोण उठवतं. बस फाटकासमोर उभी, तोच बसवाला. आजी, मिरच्या नाहीत का आज, म्हणाला.

फाटकाबाहेर पाय टाकला आणि श्वास मागे राहिला. म्हणजे घरात. मी बाहेर आणि श्वास आत. दुसरा पाय उचलेना. बसवाल्यानं हात धरून चढवायला बघितलं, मग सोडून दिला. त्याचं तोंड उतरलं. म्हणाला, आजी, तुमचा हात भिंतीसारखा गार आहे.

बरण्यांची भरपाई नको म्हणून सांगितलं त्याला.

१४ ऑक्टोबर

चौकोनात ती जवळ आलीय. कड्यावरचा आकडा कमी कमी होतोय. आज चुन्याच्या अगदी पाठीशी. तोंड हलतं. ऐकू येत नाही—अजून.

तिला जोड हवीय. मला कळतं, मलाही हवी. चष्मेवाला म्हणाला होता, दोघं एक झाल्याशिवाय—

१५ ऑक्टोबर

एक गोष्ट सुचली. लिहिते, लाज नाही.

ल्यूबेन भिंतीपुढे उभा होता, सकाळचं ऊन तोंडावर, सावली मागे चुन्यावर, धडधाकट, काळीभोर. खिडकीवर लावायची पाटी हातात धरून रंगवत होता. पाटीवर माझं नाव. मी कॅमेरा लावला. पिवळ्या चौकोनात तो, बाजूला त्याची फिकट जोड. आणि मागून ती सरकायला लागली. माझी. जागा करून द्यायला. ती बाहेर, तो आत. कडं केसभर फिरवायचं राहिलं होतं. बोट खटक्यावर.

त्यानं बघितलं. कळलं त्याला. पळाला नाही. ब्रश हातात धरून उभा राहिला, चूल उलटवल्यावर लहानपणी उभा राहायचा तसा. म्हणाला, काढ, आई.

मी झाकण लावलं.

मायेनं नाही. माया २२ सप्टेंबरला चुन्यात गेली. पण हा घाबरट तिथे आत बसून रात्रंदिवस रडणार, घर काय राखणार? आणि खोटं बोलून त्यानं एकीला आत घातलं, तर आणखी एक घालून मी त्याच्यासारखी— नको.

घर मीच राखीन. कसं राखते ते बघेलच.

१७

हात कागदावर दिसत नाही नीट. अक्षर कोंबडीचंही राहिलं नाही. झ्लात्का पेज भरवते. तिच्यावर राग नाही. चीज जास्त घालायला सांगितलं.

रीळ काढून उन्हात उघडं केलं. जळलं. कॅमेरा विहिरीत टाकायला लावला तिला. पडल्याचा आवाज ऐकला. हा दुसऱ्या कुणाला मोजणार नाही.

उद्या पहिले पाहुणे.

तारीख—

भिंतीतून टकटक. आतून का बाहेरून—मी कुठल्या बाजूला—

चुना गार नाही, ऊबदार आहे. पाहुणीनं गाल टेकवला. छान घर म्हणाली—माझ्या तोंडावर गाल—

दोघी जुळत आल्या. केसभर—

झ्लात्का, ऐक. वही तुझ्याकडे ठेव. भिंतीतून हाक आली तर तू ओ द्यायची नाहीस. पाहुण्यांनी द्यायची नाही. गेंकोनं कानात बोटं घालावीत. ल्यूबेनला उठव. जेवत असेल तर ताटावरून उठव. मी नाव घेऊन हाक मारीन, आणि रोज मारीन, आणि ओ त्यानंच द्यायची, पहिल्या हाकेला, भिंतीला तोंड लावून, काय आई म्हणून. दुसऱ्या कुणी नाही. त्यानंच. आणि नाही दिली तर—